आयाळ खाली बसेपर्यंत

एकदा एका उघड्या माळावर एक वृद्ध गुरू राहत असत, आणि त्यांच्यापाशी एक शिष्या होती, जी पातेल्यावरचं झाकण पडलं तरी दचकत असे.

गुरूंना सारं गाव तात्या म्हणे. त्यांची मठी म्हणजे दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक कडुनिंब आणि मागच्या बाजूला वालाच्या वेलांचा मांडव. गाव खाली, उताराच्या पायथ्याशी. शिष्येचं नाव अनसूया. ती चांगली शिकलेली होती. व्याकरण तिला येई, स्तोत्रं येत, आणि ग्रंथाचा अर्थ ती असा उलगडून सांगे की ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत. पण पाल चुकचुकली की तिच्या हातातलं भांडं पडे, आणि भांडं पडलं की ती पुन्हा दचके. एकदा ती स्वतःच्याच शिंकेनं दचकली. तात्या तेव्हा ध्यानाला बसलेले होते; हसू आवरेना म्हणून ते उठून परसात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

तिच्या वडिलांनी तिला माळावर आणून पोचवलं ते यासाठीच. पोरगी हुशार आहे, पण हिच्या काळजात ससा बसलेला आहे, तेवढा बाहेर काढून द्या, असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. तात्या म्हणाले होते, बघू, ससा यायला तयार असला तर. अनसूयेला वाटलं, आता एखादा मंत्र मिळेल. निदान श्वास कसा धरायचा ते तरी शिकवतील. तात्यांनी तिच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं आणि फोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही शेंगाच. त्यानंतरही शेंगाच. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला, ससा होता तिथेच राहिला, आणि वडील भेटायला आले की त्यांना काय सांगावं या विचारानं ती वेगळीच धास्तावली.

मठीच्या पलीकडच्या उतारावर, खडकाच्या कपारीखाली, एक तरस राहत असे. बीळ मूळचं साळिंदराचं. तरसानं ते उकरून मोठं केलेलं. गावात त्याच्याविषयी नाना गोष्टी चालत. तरसाचे पुढचे पाय लांब आणि मागचे आखूड, त्यामुळे चालताना ते कंबरेत खचल्यासारखं दिसतं. गाव म्हणे, चेटकीण पाठीवर बसून हिंडते, तिच्या भारानं खचलंय. ते माणसासारखं हसतं, असंही म्हणत. वास्तविक त्या माळावर कुणीही त्याचा आवाज धड ऐकलेला नव्हता. पण न ऐकलेल्या हसण्याची भीती अधिक वाटते, आणि अनसूयेला तर ती अंथरुणावर पाठ टेकली की रोज वाटे.

पौषातल्या एका सकाळी, धुकं विरायच्या सुमारास, तात्यांनी खांद्यावर घोंगडं टाकलं, उपरण्यात शेंगा बांधल्या आणि बोरं खायला चल म्हणाले. बोरांचं नाव काढल्यावर अनसूयेच्यानं नाही म्हणवेना. वाट पलीकडच्या उताराकडे वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं, पण तेव्हा मागे फिरायचं तर एकटीनं फिरावं लागलं असतं.

वाटेवर चुन्याच्या खड्यांसारखे पांढरे गोळे पडलेले होते. कुणाच्या हातून सांडले म्हणून तिनं एक उचललाही. तात्या म्हणाले, "तरसाची विष्ठा आहे ती." तिच्या हातून खडा असा उडाला की तो बाभळीपर्यंत गेला.

"टाकलास कशाला? वाळलेली होती," तात्या शांतपणे म्हणाले. "नुसता चुना असतो तो. गावचं जे ढोर मरतं त्याची हाडंसुद्धा ही तरसाची मादी फोडून खाते आणि पचवते. आपल्या विहिरीचं पाणी गोड लागतं, ते काही माझ्या जपानं नाही."

उताराच्या तळाशी एक सखल जागा होती. तिला हाडमाळ म्हणत. गावात मेलेलं जनावर ओढून तिथे टाकायची जुनी रीत होती. पुढचं काम तरसाचं आणि गिधाडांचं. पण त्या सकाळी तिथे जुन्या, उन्हानं तडकलेल्या हाडांखेरीज काही नव्हतं. ओढल्याची ताजी खूणही नव्हती. तात्या क्षणभर थांबले, इकडेतिकडे पाहिलं, स्वतःशीच 'हं' म्हणाले आणि पुढे निघाले.

मग ती मादी दिसली. गोफणीचा दगड पोचेल इतक्या अंतरावर, बोरीच्या झुडपामागे, आधी एखाद्या मोठ्या कुत्र्याएवढीच वाटली. राखी अंग, त्यावर काळे पट्टे, उभे टोकदार कान. तिनं मान वळवली, या दोघांना पाहिलं, आणि कानांमागून शेपटीपर्यंत तिच्या पाठीवरची सारी आयाळ सरसरून उभी राहिली. शेपूट केरसुणीसारखी फुलली. पाहता पाहता जनावर दुप्पट झालं. तात्यांच्या हाती काठी असेल या आशेनं तिनं पाहिलं, तर तात्यांच्या हाती घोंगडं होतं, आणि तात्या ते जमिनीवर अंथरत होते.

अंथरून झाल्यावर ते चक्क त्या जनावराकडे पाठ करून खाली बसले आणि उपरण्याची गाठ सोडून शेंगा फोडायला लागले.

"बस," ते म्हणाले.

"तात्या, ती बघतेय."

"बघू दे. आपण शेंगा खायला आलोय."

अनसूया बसली ती काही आज्ञा पाळायची म्हणून नव्हे. एकटीनं उभं राहायची छाती नव्हती म्हणून. बसल्यावर दुसरं काही सुचेना म्हणून तिनंही शेंग उचलली. बोटांना ते काम पाठ होतं. शेंग चिमटीत धरायची, अंगठा दाबायचा, टरफल एकीकडे आणि दाणे एकीकडे. काही शेंगा फोडून झाल्या आणि तिला जाणवलं की आपला श्वास चालू आहे. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच मागे पाहिलं. वारा पडल्यावर गवत जसं निजतं, तशी ती आयाळ हळूहळू निजत होती. आधी शेपटीकडची, मग पाठीवरची, शेवटी मानेवरची. तेवढं मोठं जनावर पुन्हा लहान झालं. थोडं किडकिडीतच निघालं. ते बोरीपाशी गेलं, खाली पडलेलं हुंगलं, आणि सारं गाव ज्याच्या नावानं कापत असे ते भूत अगदी निगुतीनं बोरं खायला लागलं.

थोड्या वेळानं कपारीखालून पिल्लं बाहेर आली. फिकट राखी, काळ्या पट्ट्यांची, अंगापेक्षा कान मोठे. एकमेकांवर पडत, एकमेकांचे कान ओढत ती उन्हात लोळली. त्यातल्या एकानं समोरून उडालेल्या टिटवीला घाबरून आपलीही आयाळ उभी केली. ती होती चार केसांची, त्यामुळे ते भयंकर दिसायच्या ऐवजी झोपेतून उठलेल्या पोरासारखं दिसलं. मागच्या वेतातलं एक मोठं भावंड कुठूनसं तोंडात खूर घेऊन आलं आणि धाकट्यांपुढे टाकून गेलं. अनसूयेला हसू आलं. आपण तरसाच्या बिळासमोर बसून हसतो आहोत हे लक्षात आल्यावर ती दचकली, आणि मग त्याचंही हसू आलं.

परतताना तिनं तात्यांना विचारलं, पाठ का केली. समोर हिंस्र पशू असताना शास्त्रात कुठेही असं सांगितलेलं नाही. तात्या म्हणाले, शेंगा संपल्या की सांगतो. मग वाटेत दुसरी बोरीची जाळी लागली आणि ते सांगायचं विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. एवढं मात्र बजावलं, की बिळाच्या जवळ कधी जायचं नाही आणि पिल्लांना हात लावायचा नाही. तिची जागा तिची, आपली आपली.

खाली गावात मल्लाप्पा शेट नावाचे गुळाचे व्यापारी होते. माणूस मनाचा मोठा, आवाजाचा त्याहून मोठा. खळ देऊन कडक केलेला फेटा त्यांच्या डोक्यावर सदा असे आणि फेट्याचा तुरा असा ताठ, की शेट बोळात शिरायच्या आधी तुरा शिरे. त्यांच्या मुलाला पुष्कळ वर्षांनी लेक झाली होती. सव्वा महिना उलटल्यावरचं बारसं तोंडावर आलं होतं, दारापुढे मांडव पडला होता, आणि अशात तो प्रकार घडला.

शेटच्या परसापलीकडे एक ओढा होता. तिथे संध्याकाळी त्यांच्या कुत्र्यांनी एका तरसाला गाठलं. नोकर धावला तेव्हा तरस आडवं पडलेलं, जीभ बाहेर, कुत्री त्याला हुंगताहेत आणि ते हलत नाही. मेलं, असं ओरडत तो दोर आणायला गेला. दोर घेऊन माणसं येतात तर तरस नाही. कुत्री कंटाळून बसलेली, आणि समोरच्या उतारावरून ते मेलेलं तरस लंगडत लंगडत निवांत निघालेलं. एवढं पाहिल्यावर घरात कुणाला शंका राहिली नाही. मेलेलं उठून जातं, ते जनावर कसलं? ते बाळाच्या वासानं आलं होतं, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या वाक्यानं शेटच्या घरातली झोप गेली.

शेटनी हाका ठरवला. हाका म्हणजे ढोल वाजवत, काठ्या आपटत सारं गाव रानात उतरतं, बिळाच्या तोंडाशी जाळ करून आत धूर कोंडतं आणि जे बाहेर येईल ते मारतं. त्या गावची मात्र एक रीत होती. जत्रा असो, हाका असो की कुणाच्या घरचं शुभकार्य, ढोलावर पहिली थाप मठीच्या हाताची. ती पडेपर्यंत ढोल मुका. रीत कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती, खुद्द शेटचीही नव्हती.

निरोप सकाळीच आला. तात्यांनी तो ऐकून घेतला आणि सांगितलं, आता माझ्या हातात जोर नाही, थाप अनसूया देईल; द्यायची की नाही तेही तीच ठरवेल. निरोप्या गेल्यावर अनसूयेनं त्यांचे पायच धरले. मला ढोलाचा आवाज सोसत नाही, शेट ओरडले तर मी मुकाट्यानं थाप देऊन मोकळी होईन, मग त्या पिल्लांचं काय, असं ती एका दमात बोलून गेली. तात्यांनी तिचं सगळं ऐकलं. मग वालाला पाणी घालायचं राहिलंय म्हणाले आणि कळशी घेऊन मांडवात शिरले.

ऊन वर आलं तशी माणसं आली. ढोल कडुनिंबाखाली ठेवला. काठ्या घेतलेले लोक उताराच्या कडेला उभे राहिले आणि शेट एकटे अंगणात शिरले.

"कुठंय ती तात्यांची शिष्या? चल बाई, उशीर करू नको. एक थाप दे आणि मोकळी हो. पुढचं आमचं आम्ही बघतो."

अनसूया ओसरीवर उभी होती. शब्द कानावर आदळले आणि तिचे पाय आपोआप ढोलाकडे निघाले. शेटचा आवाज आणखी चढला. माळावर बसून पोथ्या वाचणाऱ्यांना लेकराबाळांच्या घरातलं काय कळणार, तिकडे घरात तान्हं पोर आणि इकडे तुम्हाला जनावराचा पुळका, आज थाप पडली नाही तर गावाला कळेल मठी कुणाच्या बाजूची आहे. बोलता बोलता ते अंगणभर झाले. खांदे रुंदावले, उपरणं दोन्ही बाजूंना फाकलं. आणि डोक्यावर तो तुरा, ताठ, उभा, थरथरत.

थरथरत. अनसूया थांबली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ओरडणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं. तुरा वाऱ्यानं हलत नव्हता. वारा पडलेलाच होता. डोकं थरथरत होतं म्हणून तुरा थरथरत होता.

ती परत वळली, ओसरीवरून शेंगांचं सूप आणलं, अंगणात शेटच्या अलीकडे थोडी बाजूला तोंड करून बसली आणि शेंगा फोडायला लागली. काठीवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. मल्लाप्पा शेट बोलत राहिले, पण समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सवय असलेल्या माणसाला बोलायला डोळेच सापडेनात. नुसता टरफलांचा आवाज. कट्. कट्. दाणे अधूनमधून सुपाबाहेर उडत होते. तिनं मूठभर दाणे एका द्रोणात भरले आणि मान वर न करता शेटच्या बाजूला सरकवले.

"बसा, आप्पा," ती म्हणाली. 'शेट' म्हणायचं राहूनच गेलं.

शेट बसले नाहीत. आणखी दोन वाक्यं बोलले. मग वाकून द्रोण उचलला, आणि उभ्यानं दाणे खाणं बरं दिसेना म्हणून की काय, खाली बसले. खांदे खाली आले. उपरणं अंगाशी आलं. द्रोण रिकामा झाला तो तिनं पुन्हा भरला.

"झोप नाही आली गं बरेच दिवस," शेट म्हणाले. तो आवाज त्यांचाच होता, पण कोणी तो आधी ऐकलेला नव्हता. "परसातल्या दाराला कडी बसत नाही. मी तिथंच बाजलं टाकून पडतो. पोर झोपेत हुंकारली तरी उठून बसतो. मला लाज वाटते सांगायला."

"मी शिंकेनं दचकते," अनसूया म्हणाली.

शेटनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नाही हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांच्या पोटातून एक हसू उमटलं, आणि ते बंद व्हायच्या आत तिला एक गोष्ट आठवली.

तिनं विचारलं, "आप्पा, हाडमाळावर हल्ली ढोरं का येत नाहीत?"

शेट म्हणाले, येतील कशी, तरसानं पिल्लं घातल्यापासून त्या वाटेनं जायला गडी तयार नाहीत. गेल्या पंधरवड्यात त्यांची म्हैस मेली. तीही तिकडे नेली नाही. मग कुठे नेली, असं तिनं विचारलं. शेट सहज म्हणाले, "नेतो कुठं? परसापलीकडच्या ओढ्यात टाकली." आणि तोंडाशी नेलेला दाणा तसाच हातात राहिला.

वालाच्या मांडवातून पाणी घालायचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे बाळाच्या वासानं नाही," शेट हळूच म्हणाले. "म्हशीच्या वासानं. आणि म्हैस तिथं मीच टाकली."

"ती भुकेली होती. पिल्लं आहेत तिला."

"आणि ते मेलेलं उठून गेलं ते?"

अनसूयेनं मांडवाकडे पाहिलं. उत्तर तिथून आलं. तात्या रिकामी कळशी घेऊन बाहेर पडले आणि म्हणाले, "मल्लाप्पा, चहूकडून कुत्री अंगावर आली आणि पळायला वाट नसली की तरस मेल्याचं सोंग घेतं. कुत्र्यांना मेलेल्यात गंमत वाटत नाही. ती गेली की ते उठतं. तू लहानपणी शाळेच्या वेळेला तापाचं सोंग घ्यायचास, त्यातलाच प्रकार."

काठीवाले आता मोकळेपणानं हसले. शेटही हसले, पण त्यांच्या मनातली भीती एवढ्यानं जाणारी नव्हती, आणि ते तात्यांना ठाऊक होतं. त्यांनी हाका एक दिवस पुढे ढकलायला सांगितलं. उद्या सकाळी शेटनी त्यांच्याबरोबर बोरं खायला यायचं. मग वाटलं तर थाप पडेल.

दुसऱ्या सकाळी तिघं गेली. त्याआधीच शेटच्या गड्यांनी काठीवाल्यांच्या सोबतीनं ओढ्यातून म्हशीचं उरलंसुरलं ओढून हाडमाळावर टाकलं होतं. गिधाडं वर घिरट्या घालत होती. तरस तिथेच होतं. यांना पाहताच त्याची आयाळ उभी राहिली, आणि अनसूयेनं पाहिलं, शेजारी शेटचा तुराही उभा होता. दोघंही सारखीच फुगलेली. घोंगडं आज तिनंच अंथरलं. शेट त्या जनावराकडे पाठ करायला कबूल होईनात. मग अर्धी पाठ करण्यावर तडजोड झाली. शेंगा फुटू लागल्या. तरसाची आयाळ निजली. ते हाडाकडे वळलं, आणि एवढं जाड हाड बिस्किटासारखं मोडल्याचा आवाज आला, तशी अनसूया आणि शेट दोघंही एकदम दचकली आणि एकमेकांकडे पाहून पुन्हा शेंगा फोडू लागली. मग वरच्या कपारीतून पिल्लं बाहेर आली. त्यातलं एक आपल्याच शेपटीला घाबरून कोलमडलं. शेट ते पाहत राहिले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, डोक्यावरून हात फिरवला आणि कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले, "आमची असंच करते. स्वतःच्याच हाताला दचकते."

तिथे, त्या घोंगड्यावर, शेंगा संपत आल्या तेव्हा तात्या बोलले.

"अनसूये, तू विचारलं होतंस ते आता सांगतो. आयाळ उभी राहिली की जनावर मोठं दिसतं. ते मोठं झालेलं नसतं, भ्यालेलं असतं. आपण ते पाहून काठी उचलतो, नाहीतर पळतो. काठी उचलली की त्याची भीती वाढते, पळालो की आपली. आयाळ दोन्ही वेळा उभीच राहते. तिला खाली बसायला थोडी जागा आणि थोडा वेळ लागतो, एवढंच. मी पाठ केली ती धैर्यानं नव्हे. तिला कळावं म्हणून, की माझ्या हातात शेंगांखेरीज काही नाही." ते थोडं थांबले. "आणि ससा काढायचं म्हणशील, तर तो मी काढणार नव्हतोच. ज्याला स्वतः दचकायला होतं, त्यालाच दुसऱ्याची थरथर दिसते. काल तो तुरा मला दिसला नसता. मी मांडवात होतो ते उगीच नव्हे."

अनसूयेनं हातातल्या टरफलाकडे पाहिलं. तिला वाटत होतं, इतके दिवस शेंगा फोडत होतो तो मंत्रच होता, आणि कुणी सांगितलं नाही म्हणून आपण तो मोजला नाही.

मल्लाप्पा शेटनी मात्र व्यवहाराचा प्रश्न विचारला, की परसातल्या दाराला आता कडी बसवायची की नको. तात्या म्हणाले, आजच बसव. ते जनावर आहे, संत नव्हे, आणि कडी लावून झोपलेल्या माणसाला त्याच्याविषयी प्रेम वाटणं सोपं जातं.

हाका झाला नाही. ढोल मात्र वाजला, बारशाच्या दिवशी. शेटच्या मांडवात पाळणा सजला होता, बायकांनी नावं सुचवून भांडणं केली होती, आणि मठीचा हात म्हणून अनसूयेला पुढे बोलावलं. सारं गाव पाहत होतं. तिनं हात उचलला आणि मनापासून थाप दिली.

आवाज असा घुमला की ती स्वतःच जागच्या जागी उडाली. पाळण्यातलं बाळ दचकलं, त्याचे दोन्ही हात हवेत उघडले, बोटं ताणली, क्षणभर ते रडावं की नाही याचा विचार करत राहिलं. मांडवात कुणीच हसलं नाही. सगळे वाट पाहत राहिले. मग बाळाची बोटं एकेक करून मिटली, हात खाली आले, आणि ते अनसूयेकडे पाहून तोंडभर हसलं.

अनसूया पाळण्याजवळ खाली बसली, अगदी जमिनीवर, बाळापेक्षा खाली, आणि तीही हसली. मागे ढोल जोरात सुरू झाला. या वेळी ती दचकली की नाही, हे तिच्याही लक्षात राहिलं नाही.

आपल्यापुढे कुणी एकाएकी मोठा होऊ लागला, तर त्याच्या तुऱ्याकडे क्षणभर पाहावं, आणि जवळ शेंगा असतील तर खाली बसावं.